जबल फाया: वाळवंटातल्या डोंगराच्या प्रागैतिहासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुबई-शारजात राहणारी बरीच मराठी मंडळी हिवाळ्यात सुटीच्या दिवशी शारजाच्या वाळवंटातल्या म्लेहाकडे जातात. वाळूच्या टेकड्यांवर गाडी चढवतात, फॉसिल रॉकसमोर फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत परततात. तिथून जवळच जबल फाया नावाचा एक बोडका डोंगर आहे. त्याच्या कुशीत माणसाच्या दोन लाख वर्षांच्या येण्याजाण्याचे पुरावे थरांवर थर रचून पडले आहेत. ज्यांना हे कळतं त्यांचे प्रश्न संपत नाहीत. ओळखीच्या मंडळींना तिथे घेऊन जाताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर पडतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

हा डोंगर नेमका कुठे आहे?

संयुक्त अरब अमिरातीत, शारजाच्या मध्य भागात. शारजा शहरातून पूर्वेकडे निघालं की साधारण तासाभरात अल धैद आणि अल मदाम यांच्यामधल्या सपाटीवर पोचतो. तिथे चुनखडीच्या डोंगरांची एक रांग उत्तर-दक्षिण पसरलेली दिसते. जबल फाया, जबल बुहैस आणि फॉसिल रॉक म्हणून ओळखला जाणारा जबल म्लेहा हे सगळे याच रांगेतले. पश्चिमेला तांबूस वाळू, पूर्वेला खडीची सपाटी आणि त्यापलीकडे हजर पर्वताची काळपट भिंत.

सह्याद्री पाहिलेल्या माणसाला फाया डोंगर वाटणारच नाही. उंची बेताची आणि झाडाझुडपांचं नाव नाही.

खडकात दिसणारे शंख-शिंपले तिथे माणसांनी आणून टाकले का?

नाही. ही चुनखडी क्रिटेशस काळाच्या अखेरीस, म्हणजे सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी, उथळ समुद्राच्या तळाशी साचली. शंख-शिंपले त्या समुद्रातले. माणसाची गोष्ट त्यामानाने अगदी अलीकडची आहे.

अशा उजाड डोंगरापाशी माणसं आली तरी कशाला?

तीन गोष्टींसाठी: पाणी, दगड आणि आडोसा.

हजर पर्वतावर पडलेला पाऊस पश्चिमेकडे वाहत येतो आणि खडीच्या पंख्यासारख्या पसरलेल्या मैदानात जिरतो. फायाची रांग या पाण्याच्या वाटेत आडवी उभी आहे. त्यामुळे पावसाचा काळ चांगला असे तेव्हा पायथ्याशी झरे वाहत आणि सखल जागी पाणी साठे. पाणी आलं की गवत, गवतामागे जनावरं आणि जनावरांमागे माणसं.

दुसरं म्हणजे चकमकीचा दगड. फायाच्या चुनखडीतच तो मिळतो. पाती आणि टोकं काढायला चकमक उत्तम, कारण फटका मारला की तिची कड काचेसारखी धारदार निघते. हत्यारांचा कच्चा माल दाराशी असणं ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती. नुसतं पाणी इतरत्रही मिळालं असतं. पाणी आणि चकमक एकाच जागी मिळण्याची ठिकाणं मात्र मोजकी.

आणि आडोसा. डोंगराच्या ईशान्य टोकाला एक शैलाश्रय आहे, म्हणजे वरून खडकाचं छत पुढे आलेली उथळ कपार. ऊन, वारा आणि वाळू यांपासून तिथे बचाव होतो. संशोधनात ही जागा ‘एफएवाय-एनई १’ या नावाने ओळखली जाते आणि फायाची जगभर जी ख्याती झाली ती हिच्यामुळेच.

तिथे काय सापडलं?

शारजाच्या पुरातत्त्व विभागाने जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठाच्या साथीने या भागात बरीच वर्षं काम केलं. जर्मन बाजूने हान्स-पेटर उर्पमान आणि शारजाच्या बाजूने सबाह जासिम ही त्यातली ठळक नावं. शैलाश्रयात २००३ पासून पद्धतशीर उत्खनन सुरू झालं. वरच्या थरांत लोहयुग, कांस्ययुग आणि नवाश्मयुगाचे (अश्मयुगाच्या शेवटच्या, पशुपालनाच्या टप्प्याचे) अवशेष मिळाले. हे अपेक्षितच होतं, कारण आसपास त्या काळांच्या जागा भरपूर आहेत. खरा धक्का खाली होता.

नवाश्मयुगाच्या खाली माणसाची काहीही खूण नसलेली माती लागली. बऱ्याच ठिकाणी उत्खनन इथेच थांबलं असतं. इथे ते पुढे चालू राहिलं. त्या रिकाम्या मातीखाली पुन्हा दगडी हत्यारं निघाली. एक संच सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचा, त्याखाली आणखी एक, आणि त्याखाली ज्याला संशोधकांनी ‘सी’ हे नाव दिलं तो संच. या ‘सी’ संचात छोट्या हातकुऱ्हाडी होत्या, दोन्ही अंगांनी छिलके (दगडाच्या पातळ कपच्या) काढून घडवलेली पानाच्या आकाराची हत्यारं होती, तासण्या होत्या. वय निघालं सुमारे सव्वा लाख वर्षं. जानेवारी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सायमन आर्मिटेज आणि सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष मांडले आणि अरबस्तानच्या प्रागैतिहासाची चर्चाच बदलली. तोवर या द्वीपकल्पाकडे माणसाच्या प्रवासातला एक कोरडा अडथळा म्हणून पाहिलं जाई.

खोदकाम पुढेही चालू राहिलं. क्नुट ब्रेट्झके आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवून दिलं की माणसं तिथे २,१०,०००, १,७०,०००, १,३५,००० आणि १,२०,००० वर्षांपूर्वी अशी निदान चार वेळा येऊन गेली होती. २०२५ मध्ये त्यात सुमारे ८०,००० वर्षांपूर्वीच्या थराची भर पडली. त्या थरातल्या हत्यारांत लांबट छिलके आणि पाती काढण्याची पद्धत दिसते.

एवढ्या खोल काळाचे इतके थर एकाच जागी, एकावर एक, असे अरबस्तानात फार कमी ठिकाणी मिळतात. वाळवंटात हत्यारं सहसा उघड्यावर विखुरलेली सापडतात. त्यांच्यावर माती नसते, त्यामुळे वय ठरवता येत नाही. फायाचं मोल या थरांत आहे.

हत्यार आणि साधा फुटलेला दगड यांतला फरक कसा ओळखतात?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण याचं उत्तर हातात दगड धरून देता येतं.

दगड आपसूक फुटला, उन्हाने तडकला किंवा पाण्यात आपटला, तर त्याच्या कडा कशाही निघतात. माणसाने दुसऱ्या दगडाने विशिष्ट जागी फटका मारून छिलका काढला असेल, तर फटक्याच्या जागी एक लहानसा सपाट भाग राहतो. त्याच्या लगेच खाली, छिलक्याच्या आतल्या अंगावर, एक फुगवटा असतो. बोट फिरवलं तर तो डोळे मिटूनही जाणवतो. फुगवट्यापासून पुढे बारीक लाटांसारख्या रेषा पसरत गेलेल्या असतात. छिलक्याची पाठ पाहिली तर तिच्यावर आधी काढलेल्या छिलक्यांचे वण दिसतात. या सगळ्या खुणा एकत्र असल्या आणि तशा वस्तू ढिगाने मिळाल्या की शंका उरत नाही.

फायाच्या जुन्या थरांत लेव्हाल्वा पद्धतीचे छिलके मिळाले आहेत. या पद्धतीत कारागीर आधी दगडाचा गाभा चहूबाजूंनी छाटून तयार करतो. वरची बाजू कासवाच्या पाठीसारखी थोडी फुगीर ठेवतो. मग एका टोकाला नीट बैठक बनवतो आणि तिथे नेमका एक फटका मारतो. हवा त्या आकाराचा, सगळीकडून धारदार छिलका एका घावात सुटतो. म्हणजे शेवटचा फटका मारण्याच्या कितीतरी आधी निघणाऱ्या वस्तूचा आकार त्याच्या मनात पक्का असावा लागतो. छाटणीचे दहा-वीस घाव त्या एका घावासाठी असतात. आणि ही गोष्ट पाहून पाहून येत नाही, कुणीतरी शिकवावी लागते. म्हणून लेव्हाल्वाचा एक गाभा हातात घेतला की केवळ एक कारागीर नव्हे, तर शिकवणारा आणि शिकणारा अशी दोन माणसं तिथे बसलेली होती असं मी समजतो. हे माझं मत आहे, पण ते मी बदलणार नाही.

इतक्या जुन्या वस्तूंचं वय कसं ठरवलं? कार्बन पद्धतीने का?

कार्बन पद्धत ५०,००० वर्षांच्या पलीकडे निकामी ठरते. शिवाय तिला कोळसा, हाड असं काही सेंद्रिय लागतं, आणि इतक्या जुन्या थरांत ते टिकलेलं नसतं. फायात वाळूच्या कणांनाच साक्षीला बोलावलं गेलं.

क्वार्ट्झचा कण मातीखाली गाडला गेला की आजूबाजूच्या खनिजांतून येणाऱ्या अत्यंत क्षीण किरणोत्साराची ऊर्जा त्याच्या स्फटिकात साठत जाते. कणावर सूर्यप्रकाश पडला की ती साठवण रिकामी होते. म्हणून गाडल्यापासून किती ऊर्जा साठली आणि दर वर्षाला किती साठते, हे मोजलं की कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं. प्रकाशप्रेरित दीप्ती पद्धत म्हणतात ती हीच.

नमुना घेतानाची काळजी पाहण्यासारखी असते. खड्ड्याच्या उभ्या भिंतीत धातूची नळी ठोकून आत घालतात आणि बाहेर काढताच तोंडं बंद करतात, कारण त्यातल्या वाळूवर क्षणभर जरी ऊन पडलं तरी लाख वर्षांची साठवण पुसली जाईल. प्रयोगशाळेत ती मंद तांबड्या उजेडात उघडतात. मग कणांवर विशिष्ट प्रकाश टाकतात, आणि कण साठवलेली ऊर्जा अंधुक उजेडाच्या रूपात सोडतो. तो उजेड मोजायचा.

या आकड्यांना काळ्या दगडावरची रेघ समजू नये. ‘सी’ संचाच्या थरासाठी १,२७,००० वर्षं मिळाली तेव्हा त्यापुढे १६,००० वर्षं अधिक-उणे असंही नोंदवलेलं आहे. बातम्यांत ही अधिक-उणे गळून पडते. वाचताना ती शोधायची सवय लावून घ्यावी.

तेव्हा तिथे वाळवंट नव्हतं का?

वाळवंट होतं, पण कायम नव्हतं. आणि यामागे आपल्या ओळखीचाच पाहुणा आहे: मोसमी पाऊस.

पृथ्वीच्या आसाची डुलण्याची आणि कक्षेची स्थिती हजारो वर्षांच्या चक्राने बदलत राहते. काही काळांत उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात ऊन जास्त तापतं, त्यामुळे मोसमी वारे जोर धरतात आणि पावसाचा पट्टा उत्तरेला सरकून अरबस्तानावर येतो. ओमानमधल्या होती गुहेत छतातून ठिबकणाऱ्या पाण्याने बनलेले चुन्याचे खांब आहेत. पाऊस असेल तेव्हाच ते वाढतात. त्यांच्या थरांवरून सव्वा लाख वर्षांपूर्वी, ८०,००० वर्षांपूर्वी आणि पुन्हा सुमारे १०,००० ते ६,००० वर्षांपूर्वी इकडे चांगला पाऊस पडत होता हे समजतं. केरळ-कोकणावर येतो त्याच मोसमी व्यवस्थेचा हा हात तेव्हा इथवर पोचत होता. नद्या वाहत, तळी साचत, गवताळ माळ पसरत.

आज या भागात वर्षाला सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक हिवाळ्यात. १६ एप्रिल २०२४ चा पाऊस इथे राहणारा कुणीच विसरणार नाही, पण एका दिवसाच्या पुराने वाळवंट हिरवं होत नाही. शतकानुशतकं दर वर्षी ठरल्या ऋतूत पडणारा पाऊस लागतो.

मात्र हिशेब इतका सरळही नाही. २०२२ च्या अभ्यासातले १,७०,००० आणि १,३५,००० वर्षांपूर्वीचे टप्पे हिमयुगाच्या काळात येतात, जेव्हा अरबस्तान कोरडं होतं अशी समजूत होती. म्हणजे ओल्या काळात माणूस आला आणि कोरड्या काळात गेला असं सरसकट म्हणता येत नाही. कोरड्या काळाच्या पोटातही थोडी बरी वर्षं असणार आणि फायासारख्या झऱ्यांच्या जागी ती पुरत असणार.

आफ्रिकेतून माणसं इथे कुठल्या वाटेने आली असतील?

दोन वाटांची चर्चा असते. एक उत्तरेची, सिनाईमार्गे. दुसरी दक्षिणेची, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदबच्या सामुद्रधुनीतून.

२०११ च्या लेखाने दक्षिणेच्या वाटेची बाजू घेतली, आणि त्यातला युक्तिवाद मला देखणा वाटतो. हिमयुगात पाणी बर्फात अडकल्यामुळे समुद्राची पातळी शंभराहून अधिक मीटर खाली गेली होती. सामुद्रधुनी पूर्ण कोरडी कधीच झाली नाही, पण तिची रुंदी काही किलोमीटरांवर आली. हिमयुग संपत आलं तसा पाऊस वाढू लागला, समुद्र मात्र अजून वर यायचा होता. म्हणजे एक असा अवधी मिळाला की समुद्र ओलांडणं सोपं आणि पलीकडचा प्रदेश हिरवा. सव्वा लाख वर्षांचं वय या अवधीच्या जवळ बसतं.

इराणचं आखातही तेव्हा बरंचसं कोरडं होतं. त्याची आजची सरासरी खोली ३५ मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे समुद्र खाली गेला की तिथे सपाट खोरं उघडं पडे. त्या खोऱ्यातल्या वस्त्यांच्या खुणा असल्याच तर आज पाण्याखाली आहेत.

ती हत्यारं आपल्यासारख्या माणसांनीच केली याला पुरावा काय?

थेट पुरावा नाही. फायाच्या पुराश्मयुगीन, म्हणजे नवाश्मयुगाआधीच्या जुन्या अश्मयुगातल्या, थरांत मानवी हाडं मिळालेली नाहीत. ‘सी’ संचाची घडण पूर्व आफ्रिकेतल्या त्या काळच्या हत्यारांशी जुळते, आणि तिथे तेव्हा होमो सेपियन्स, म्हणजे आपल्याच जातीची माणसं, होते, म्हणून इथलेही तेच असावेत असा तो तर्क आहे. अनेक अभ्यासकांनी त्याला तेव्हाच हरकत घेतली होती, आणि ती रास्त होती. हत्यारांच्या साम्यावरून करणाऱ्याचा वंश ठरवता येत नाही. निअँडर्थल या आता नामशेष झालेल्या दुसऱ्या मानवजातीलाही लेव्हाल्वा पद्धत उत्तम अवगत होती.

त्यानंतर आजूबाजूला पुरावे वाढले. इस्राएलमधल्या मिसलिया गुहेतलं होमो सेपियन्सचं जबड्याचं हाड पावणेदोन लाख वर्षांहून जुनं निघालं, आणि सौदी अरेबियातल्या नफूद वाळवंटात अल वुस्ता इथे सुमारे ८५,००० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या बोटाचं हाड मिळालं. दोन्ही शोध २०१८ मध्ये जाहीर झाले. त्यामुळे फायाचे कारागीर आपल्याच जातीचे असण्याची शक्यता आज २०११ पेक्षा खूप बळकट आहे. पण शक्यता आणि पुरावा यांतली सीमारेषा पुसू नये.

मग हीच माणसं पुढे भारतात आली? म्हणजे आपले पूर्वज?

नकाशावर आफ्रिकेतून निघून फायावरून थेट मुंबईकडे जाणारा बाण काढलेला तुम्ही पाहिला असेल. तो बाण विसरून जा असं मी सगळ्यांना सांगतो.

आजच्या आफ्रिकेबाहेरच्या सगळ्या माणसांच्या जनुकांचा अभ्यास असं सुचवतो की आपले बहुतांश पूर्वज आफ्रिकेतून साधारण ७०,००० ते ५०,००० वर्षांपूर्वी बाहेर पडले. फायाचे जुने रहिवासी त्याच्या कितीतरी आधीचे. त्यांची वंशरेषा बहुधा संपली, किंवा तिचा फार थोडा अंश पुढे उरला.

भारतातला पुरावाही या बाणात नीट बसत नाही. तामिळनाडूत अत्तिरमपक्कम इथे मध्य पुराश्मयुगीन तंत्र, म्हणजे लेव्हाल्वासारखं गाभा आधी तयार करून छिलके काढण्याचं तंत्र, सुमारे ३,८५,००० वर्षांपूर्वीच दिसू लागतं, असं २०१८ मध्ये शांती पप्पू, कुमार अखिलेश आणि सहकाऱ्यांनी मांडलं. म्हणजे असं तंत्र दिसलं की लगेच आफ्रिकेतून नवे लोक आले असं म्हणण्याची सोय राहत नाही. आंध्र प्रदेशात ज्वालापुरमला सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या टोबा ज्वालामुखीच्या राखेच्या खाली आणि वर अशी दोन्हीकडे हत्यारं मिळतात, आणि ती कुणाची यावर आजही दुमत आहे.

आपल्या महाराष्ट्रातही हा काळ आहेच. नेवासे म्हटलं की आपल्याला ज्ञानेश्वरी आठवते, पण त्याच प्रवरेच्या काठी हसमुख सांकलिया यांना मध्य पुराश्मयुगाची छिलका-हत्यारं मिळाली आणि भारतातल्या त्या काळाच्या अभ्यासाला पाया लाभला. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठच्या बोरी इथल्या ज्वालामुखी राखेच्या थराचं वय किती, यावर संशोधकांचा वाद अनेक वर्षं रंगला. फायाचा प्रश्न ज्यांना भुरळ घालतो, त्यांनी या जागांबद्दलही जरूर वाचावं. दोन्हीकडे कोडं तेच आहे: हत्यार बोलतं, पण करणाऱ्याचं नाव सांगत नाही.

माझ्या दृष्टीने फायाचं महत्त्व ‘वाटेवरचं ठाणं’ म्हणून नाहीच. माणसं इथे राहिली, गेली आणि त्यांच्याशी काही नातं नसलेली दुसरी माणसं हजारो वर्षांनी त्याच कपारीत येऊन बसली. हे पुन्हा पुन्हा घडलं. त्यांना कुठे पुढे पोचायचं नव्हतं. त्यांच्यासाठी हेच घर होतं.

मधल्या रिकाम्या थरांचा अर्थ काय?

२०११ च्या नोंदीनुसार सुमारे ३८,००० ते १०,००० वर्षांपूर्वीच्या काळातली माती शैलाश्रयात आहे, पण तिच्यात माणसाची खूण नाही. जवळपास २८,००० वर्षं. हिमयुगाचा सर्वांत कडक आणि कोरडा काळ याच्यात येतो.

पाहुणे संग्रहालयात या भागापाशी थांबत नाहीत, कारण मांडायला वस्तू नसते. मला मात्र तो थर तितकाच बोलका वाटतो. कपार तिथेच होती, चकमक तिथेच होती, सावली होती. नव्हतं ते पाणी. तीनपैकी एक आधार गेला आणि शेकडो पिढ्या तिथे कुणी चूल पेटवली नाही. अर्थात एका कपारीत माणूस नाही म्हणजे सगळ्या प्रदेशात नाही, असं मात्र होत नाही. कोरड्या आखाताच्या खोऱ्यात किंवा डोंगरांच्या दुसऱ्या बाजूला लोक तग धरून असू शकतात.

जबल बुहैसच्या दफनभूमीत काय मिळालं?

पाऊस परतला आणि माणसं परत आली, या वेळी शेळ्या-मेंढ्या आणि गुरं घेऊन. फायाच्या दक्षिणेला बुहैसच्या पायथ्याशी एका झऱ्याजवळ या पशुपालकांची दफनभूमी आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तिथे उत्खनन झालं. काळ इसवी सनापूर्वीचं पाचवं सहस्रक. पाचशेहून अधिक माणसांचे सांगाडे मिळाले.

इथे येऊन प्रागैतिहास एकदम माणसासारखा वाटू लागतो. बरेच मृतदेह कुशीवर, पाय दुमडून ठेवलेले. शंख-शिंपल्यांचे आणि रंगीत दगडांचे हजारो मणी, काही अजून सांगाड्याच्या गळ्याशी, कंबरेशी जागच्या जागी. काही मोतीही. मोत्यांचं आखाताशी असलेलं नातं इतकं जुनं आहे! समुद्र तिथून काही तासांच्या नव्हे, काही दिवसांच्या चालीवर होता. म्हणजे ही माणसं वर्षाचा काही काळ किनाऱ्यावर, काही काळ इथे झऱ्याकाठी आणि उन्हाळ्यात बहुधा हजरच्या उंच भागात असा कळपांचा फेरा धरत असावीत, असं उर्पमान यांनी मांडलं.

काही ठिकाणी हाडं नीट गोळा करून एकत्र पुरलेली आहेत. माणूस फेऱ्यात दूर कुठेतरी गेला असेल, तिथे तात्पुरता पुरला असेल आणि नंतर त्याची हाडं आपल्या लोकांत आणून ठेवली असतील. काही कवट्यांवर घावांच्या खुणा आहेत, त्यांतल्या काही भरून आलेल्या. कवटीला छेद घेऊन केलेल्या शस्त्रक्रियेच्या खुणाही आहेत. घाव घालणारे हात होते तसे जखम बरी होईस्तोवर सांभाळणारेही होते.

इसवी सनापूर्वी ४००० च्या सुमारास पाऊस पुन्हा कमी झाला, झरा आटला आणि या दफनभूमीचा वापर थांबला.

म्लेहाच्या पुरातत्त्व केंद्रात दिसणारी गोल कबर याच काळातली का?

नाही, ती कांस्ययुगाची. उम्म-अन-नार संस्कृतीची, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातली. तेव्हा हा प्रदेश तांबं पुरवत होता आणि सिंधू संस्कृतीशी त्याचा व्यापार होता. त्याहून नंतरची म्लेहातली वस्ती, घोड्यांच्या आणि उंटांच्या कबरी हे सगळं पाहण्यासारखं आहे, पण तो स्वतंत्र विषय आहे.

याला जागतिक वारशाचा दर्जा कधी मिळाला?

जुलै २०२५ मध्ये, पॅरिसला भरलेल्या युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनात, ‘फाया पुराभूप्रदेश’ म्हणून. अमिरातीतलं हे दुसरं जागतिक वारसा स्थळ. पहिलं अल ऐन, २०११ मधलं. नोंद २,१०,००० ते ६,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वावरासाठी झाली.

त्याच अधिवेशनात मराठ्यांच्या १२ किल्ल्यांनाही हा दर्जा मिळाला. रायगड, शिवनेरी, जिंजीच्या बातमीने तेव्हा आखातातल्या मराठी घरांत आनंद झाला, तो मीही अनुभवला. आपण जिथे राहतो तिथला एक डोंगर त्याच यादीत त्याच वेळी गेला, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात आलं.

पाहायला कधी आणि कसं जावं? मुलांना कंटाळा येईल का?

नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा. उन्हाळ्यात डोंगरावर चढण्याचं धाडस करू नये. सुरुवात म्लेहा पुरातत्त्व केंद्रापासून करा. २०१६ मध्ये सुरू झालेली ही इमारत त्या गोल कबरीभोवतीच बांधली आहे, आणि फायातल्या हत्यारांची ओळख तिथे चांगली होते. तिथूनच मार्गदर्शकासोबत पुढे जाता येतं. वेळा आणि कोणती जागा खुली आहे हे निघण्याआधी केंद्राकडे विचारून घ्यावं.

शैलाश्रयासमोर उभं राहिल्यावर ‘एवढंच?’ असं वाटू शकतं. भिंतीवर चित्रं नाहीत, मूर्ती नाहीत. म्हणून आधी केंद्रातली हत्यारं नीट बघा, मग कपार. मुलांना दगडावरचा फुगवटा आणि लाटा दाखवा, ती स्वतःच शोधू लागतात. सकाळी लवकर गेलात तर तिथे उभं राहून पूर्वेकडे पाहा: हजरवरून उतरणाऱ्या कोरड्या ओहोळांच्या फिकट रेषा स्पष्ट दिसतात. पाणी कुठून येत होतं हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

जमिनीवर पडलेला एखादा छिलका आठवण म्हणून आणला तर चालेल का?

नाही. पुरावस्तू उचलणं कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी उत्तर हेच असतं. छिलका कुठल्या जागी, कुठल्या थराशी, कशाच्या शेजारी होता यातच त्याची सगळी माहिती असते. खिशात घातला की तो नुसता दगड होतो. काही वेगळं दिसलं तर हात न लावता फोटो काढा, जागेची खूण फोनवर नोंदवा आणि केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना दाखवा. गाडीही आखलेल्या वाटेवरच ठेवा. पायथ्याची खडी चाकांनी उलटीपालटी झाली की तिच्यातली हत्यारं जागची हलतात, तुटतात, आणि ते नुकसान नंतर कुणालाच भरून काढता येत नाही.